लढाईचें पिस्तूल : निवड कशाची करावी?

१८२५ सालची गोष्ट. खानदेशांतील भिल्लांची एक पलटण उभारावी, या कामगिरीवर जेम्स आउट्रम नांवाचा बावीस वर्षांचा एक इंग्रज अधिकारी या मुलखांत आला होता. भिल्ल त्याच्यावर विश्वास ठेवीनात. तेव्हां तो त्यांच्या पाड्यांत जाऊं लागला, त्यांच्याबरोबर रानांत शिकार खेळूं लागला. अशाच एका शिकारींत वाघानें त्याच्यावर झेप घेतली आणि वाघ व माणूस एकमेकांस बिलगून टेकडीच्या उतारावरून गडगडत खालीं आले. क्षणभर पंजाची मिठी सैल झाली, तेवढ्यांत आउट्रमनें पिस्तूल उपसलें आणि वाघास जागच्या जागीं ठार केलें. त्याच्या जखमा पाहून भिल्लांनीं आक्रोश मांडला, तर मांजराच्या ओरखड्याची ती काय मातबरी, असें म्हणून त्यानें तो प्रकार हंसण्यावारी नेला. ही हकीकत भिल्लांच्या तोंडीं पुढें पुष्कळ वर्षें होती आणि आउट्रमच्या चरित्रकारानें ती नोंदून ठेविली आहे.

लढाईसाठीं उत्तम पिस्तूल कोणतें, हा प्रश्न शौकीन मंडळींत फार चर्चिला जातो. कोणी एका कारखान्याचें नांव घेतो, कोणी दुसऱ्याचें. कोणी मोठ्या तोंडाची नळी वाखाणतो, तर कोणी अधिक गोळ्या मावणारी पेटी. परंतु वाघाच्या त्या प्रसंगाकडे पाहिलें, तर या प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. शिकारीला निघालेला माणूस पिस्तुलाच्या भरंवशावर निघत नाहीं. त्याचें मुख्य शस्त्र बंदूक असतें. पिस्तूल उपयोगीं पडतें तें बंदूक हातची गेली, शत्रु अंगाला येऊन भिडला आणि विचार करण्यास सवड उरली नाहीं, अशा वेळीं. म्हणून तें शेवटच्या क्षणाचें शस्त्र होय, आणि त्याची परीक्षा त्याच क्षणाच्या गरजांवरून केली पाहिजे.

त्या गरजा तीन आहेत. चाप ओढतांच बार उडाला पाहिजे. गोळी लागल्यावर समोरचा थांबला पाहिजे. आणि मुळांत ती गोळी लागली पाहिजे. गेल्या पावणेदोनशें वर्षांत जगांतील सैन्यांनीं पिस्तुलें बदललीं, तीं या तिहींपैकीं एखादी गरज कोठें तरी अपुरी पडली म्हणूनच.

आउट्रमच्या तरुणपणींचें सामान्य पिस्तूल एकबारी असे. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, वर गोळी ठेवून गजानें ठासावयाची, आणि चाप ओढल्यावर गारगोटीची ठिणगी पडून बार उडेल अशी आशा करावयाची. पावसाळी हवेंत दारू सर्दावली कीं ती आशा व्यर्थ ठरे. एक बार झाल्यावर पुन्हां ठासण्यास अर्धा मिनिट लागावयाचा, आणि झटापटींत अर्धा मिनिट म्हणजे एक युग. यासाठींच कित्येक पिस्तुलांच्या मुठीला पितळेची जड टोपी बसविलेली असे. बार फुकट गेला तर तीच मूठ सोट्यासारखी वापरतां येई.

ही अडचण सॅम्युअल कोल्ट या अमेरिकन गृहस्थानें दूर केली. १८३६ सालीं त्यानें फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचें अमेरिकेंत पेटंट घेतलें. त्यालाच रिव्हॉल्व्हर म्हणतात. चक्रांत पांच किंवा सहा कोठ्या, प्रत्येक कोठींत एक बार, आणि घोडा मागें ओढला कीं चक्र फिरून पुढची कोठी नळीसमोर येई. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत कोल्टनें आपला माल मांडला, तेव्हां त्याच प्रदर्शनांत रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचें रिव्हॉल्व्हरही होतें. त्या दिवसापासून लढाईच्या पिस्तुलाचा वाद सुरू झाला, तो आजपावेतों मिटलेला नाहीं. कोल्टचें पिस्तूल दर बाराला अंगठ्यानें घोडा चढवून उडवावें लागे. त्यामुळें नेम चांगला लागे, पण वेळ जाई. ॲडम्सचें नुसतें चाप दाबल्यानें उडे. वेळ वांचे, पण चाप जड असल्यानें नेम हाले. शिवाय ॲडम्सची गोळी मोठी होती. १८५६ सालीं बोमाँट या अधिकाऱ्यानें दोन्ही सोयी एकाच यंत्रांत आणल्या आणि ब्रिटिश सैन्यानें तें पिस्तूल पत्करलें.

पुढच्याच वर्षीं हिंदुस्थानांत उठाव झाला आणि या वादाची कसोटी लागली. त्या धामधुमींतील एक प्रसंग फॉसबरी नांवाच्या अधिकाऱ्यानें मागाहून सांगितला. एका अधिकाऱ्याजवळ कोल्टचें पिस्तूल होतें. नेमबाजींत तो वाकबगार होता. एक शिपाई तलवार उगारून त्याच्यावर धांवून आला. अधिकाऱ्यानें सहाही बार काढले आणि त्यांतले पांच त्या शिपायास लागले. परंतु तो शिपाई थांबला नाहीं; तसाच पुढें येऊन त्यानें एका घावांत अधिकाऱ्यास गतप्राण केलें. शस्त्र बिघडलें नव्हतें, नेमही चुकला नव्हता; उणीव होती ती गोळीच्या जोराची.

त्याच काळांत खानदेशांतही शस्त्रांची विषमता दिसून आली. सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार खाजा नाईक व त्याचे साथीदार यांनीं इंग्रजी अमलाविरुद्ध बंड पुकारलें. १८५७ च्या अखेरीस मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणारा मोठा खजिना त्यांनीं लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांतील अंबापाणी येथें इंग्रजी फौजेशीं भिल्लांची निकराची लढाई झाली. तीरकामठे व तोड्याच्या बंदुका एका बाजूस, आणि कवायती फौजेच्या बंदुका व अधिकाऱ्यांचीं नवीं पिस्तुलें दुसऱ्या बाजूस, असा तो सामना होता. भिल्लांचा तीर जवळच्या टप्प्यांत भयंकर खरा. पण दारूगोळ्याचा अखंड पुरवठा आणि शिस्त यांपुढें शौर्य अपुरें पडलें. शस्त्राच्या गुणांइतकेंच त्याच्या पाठीमागचें भांडार महत्त्वाचें असतें, हें अंबापाणीच्या रानांत सिद्ध झालें.

गोळीच्या जोराचा धडा इंग्रजांनीं मनावर घेतला. १८८७ सालीं त्यांनीं पत्करलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची गोळी जवळजवळ अर्धा इंच व्यासाची, म्हणजे ०.४५५ इंची होती. अमेरिकनांस हा धडा फिलिपाइन्स बेटांत नव्यानें गिरवावा लागला. तेथील मोरो योद्धे ०.३८ इंची गोळ्या अंगावर झेलून पुढें येत. तेव्हां जुनीं ०.४५ इंची रिव्हॉल्व्हरें पुन्हां बाहेर काढावीं लागलीं. १९०४ सालीं थॉम्प्सन व लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनीं निरनिराळ्या गोळ्यांच्या परिणामाची परीक्षा केली आणि मोठ्या गोळीच्या बाजूनें कौल दिला.

मध्यंतरीं यंत्रविद्या पुढें गेली होती. बार उडाला कीं मागें जो धक्का बसतो, त्याच धक्क्यानें रिकामें काडतूस बाहेर टाकावें आणि स्प्रिंगेच्या जोरानें मुठींतल्या पेटींतून नवें काडतूस नळींत सारावें, अशी युक्ति निघाली. हेंच स्वयंभरणी पिस्तूल. जॉन ब्राउनिंग हा या विद्येचा मोठा आचार्य. त्याच्या आराखड्याचें ०.४५ इंची पिस्तूल १९११ च्या मार्च महिन्यांत अमेरिकन सैन्याच्या परीक्षेस उतरलें. सहा हजार बार एकामागून एक काढले. पिस्तूल तापलें कीं तें पाण्यांत बुडवावें आणि पुन्हां चालवावें. एकदांही तें अडलें नाहीं. त्याच वर्षीं तें सैन्यांत दाखल झालें आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकलें.

याउलट ज्या फॉसबरीनें तो १८५७ चा प्रसंग सांगितला, त्यानें स्वतः एक स्वयंचलित रिव्हॉल्व्हर योजिलें होतें. तें मोठें कल्पक होतें, नेमबाजीच्या स्पर्धांत त्याचें कौतुकही झालें. परंतु पहिल्या महायुद्धांतील खंदकांच्या चिखलांत त्याच्या खांचांत माती भरून तें अडूं लागलें. घरांत शिवणयंत्र असणाऱ्या गृहिणीस हें सहज समजेल. नवें, नाजूक, दहा प्रकारचे टांके घालणारें यंत्र दुकानांत मन मोहून घेतें. पण सणाच्या आदल्या रात्रीं जें कुरकुर न करतां चालतें, तेंच खरें यंत्र. लढाईच्या पिस्तुलाचा पहिला गुण हाच. तें सुंदर नसलें तरी चालेल, मात्र तें अडतां कामा नये.

खानदेशच्या माणसास या गुणाची पारख अधिक असावयास हवी. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. काळ्या जमिनीची बारीक धूळ कपाटांतल्या पुस्तकांतही शिरते. अशा हवेंत पिस्तुलास तेल फार घातलें तर धूळ त्यास चिकटून लगदा होतो, आणि मुळींच घातलें नाहीं तर घामानें गंज चढतो. पेटीचे ओंठ किंचित् वांकले, स्प्रिंग मऊ पडली, तर उत्तमांतलें उत्तम पिस्तूलही दुसऱ्या बाराला थबकतें. रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी. एक काडतूस फुसकें निघालें तर चाप पुन्हां दाबावा, पुढची कोठी समोर येते. म्हणूनच गोळ्या कमी मावत असूनही पोलिसांच्या कमरेस रिव्हॉल्व्हर दीर्घ काळ राहिलें.

आतां दुसरी गरज, गोळीच्या जोराची. मोठी गोळी चांगली, तर मग आज बहुतेक देशांचीं सैन्यें ९ मिलिमीटर, म्हणजे तुलनेनें लहान गोळी कां वापरतात? हें काडतूस जर्मनींत १९०२ च्या सुमारास निघालें. १९३५ सालीं बेल्जममध्यें तयार झालेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलांत तशीं तेरा काडतुसें मावूं लागलीं. त्याच पिस्तुलाची भारतीय आवृत्ति पुढें बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यांत निघाली आणि आपल्या सैन्याच्या व पोलिसांच्या हातीं आली. अमेरिकेनेंही १९८५ सालीं आपलें जुनें ०.४५ इंची पिस्तूल सोडून ९ मिलिमीटरचें स्वीकारलें. याचें कारण तिसऱ्या गरजेंत आहे. मोठ्या गोळीचा धक्का मोठा. सामान्य शिपायाचा हात त्या धक्क्यानें उडतो, दुसरा बार नेमावर येण्यास वेळ लागतो, आणि धक्क्याच्या भीतीनें पहिल्या बारालाच डोळे मिटले जातात. न लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षां लागलेली मध्यम गोळी केव्हांही श्रेष्ठ. आज पोलीस दलांत स्त्रियाही मोठ्या संख्येनें आहेत. ज्या मुठीभोंवतीं त्यांची बोटें पुरत नाहींत, तें पिस्तूल जाहिरातींत कितीही थोर असलें तरी त्यांच्यासाठीं उत्तम नव्हे. पिस्तूल हातास बसलें पाहिजे. हात पिस्तुलास बसवितां येत नाहीं.

गोळीचा परिणाम वाढविण्याचा आणखी एक मार्ग होता आणि त्याचा संबंध आपल्याच देशाशीं आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यांत अंगांत शिरतांच पसरणारी गोळी निघाली. तिच्यानें होणारी जखम इतकी घोर असे कीं १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत अशा गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असा जाहीरनामा झाला. लढाईंतही सर्व कांहीं क्षम्य नाहीं, अशी मर्यादा माणसानें स्वतःवर घालून घेतली, ही गोष्ट शस्त्रांच्या इतिहासांत विसरण्यासारखी नाहीं.

पिस्तुलापेक्षांही काडतूस महत्त्वाचें, असें जाणते लोक म्हणतात, आणि काडतुसांच्या बाबतींत खानदेशचा स्वतःचा वांटा आहे. भुसावळ तालुक्यांत वरणगांव येथें १९६४ पासून सरकारी कारखान्यांत लहान शस्त्रांचीं काडतुसें तयार होत आहेत. २०२१ सालीं देशांतील असे कारखाने सरकारी कंपन्यांकडे सोंपविण्यांत आले, तेव्हां तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. काडतूस दिसावयास बोटाएवढें. पण त्यांत पितळेची नळी, तळाशीं ठिणगी देणारी टोपी, मोजून भरलेली दारू आणि वर गोळी, असे चार भाग एकमेकांशीं तंतोतंत जमावे लागतात. पितळ ठिसूळ राहिलें तर नळी फुटते, टोपी ओलावली तर बार उडत नाहीं, दारू रतिभर अधिक झाली तर नळीवर अवाजवी ताण येतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मापें घेतलीं जातात आणि नमुन्यादाखल काडतुसें उडवून पाहिलीं जातात. सीमेवर कोणा जवानाचा बार अडला नाहीं, यांत वरणगांवच्या एखाद्या कामगाराच्या दक्षतेचा भाग असतो. पण त्याची वार्ता त्यास कधीं पोंचत नाहीं.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास अगदीं उलट चित्र दिसतें. चोपडा तालुक्याच्या सरहद्दीला लागून, मध्यप्रदेशच्या बडवाणी जिल्ह्यांत, उमर्टी नांवाचें गांव आहे. तेथें चोरून बनविलेलीं गांवठी पिस्तुलें सातपुड्याच्या वाटांनीं खालीं उतरतात आणि पार पुण्यापर्यंत जातात. २०२५ सालीं पुण्याच्या पोलिसांनीं मध्यप्रदेश पोलिसांच्या साह्यानें तेथें छापा घालून हत्यारांच्या भट्ट्या मोडून टाकल्या. या कामांत गुंतलेल्या कारागिरांचे पूर्वज नांवाजलेले शिकलगार होते. कानशीवर बसलेला त्यांचा हात आजही अचूक आहे. त्या हातास सन्मानाचें काम मिळालें नाहीं, हें आपल्या समाजाचें दुर्दैव. परंतु कारागीर कुशल असला तरी गांवठी पिस्तुलाचा दोष जात नाहीं. रीतसर बनलेल्या प्रत्येक नळीची नेहमींपेक्षां जबर दारूचा बार उडवून परीक्षा होते आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का बसतो. गांवठी नळीस ना पोलादाची खात्री, ना परीक्षा, ना शिक्का. ती समोरच्याचा प्राण घेईल कीं धरणाऱ्याचीं बोटें, याची शाश्वति बनविणाराही देऊं शकत नाहीं.

तरीही शहरांतील कांहीं तरुण असें पिस्तूल कमरेस लावून छायाचित्रें काढवितात आणि मित्रांस दाखवितात, ही खरी चिंतेची बाब आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली; विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगल्यास सामान्यतः दोन ते पांच वर्षांचा कारावास, आणि बेकायदा बनविल्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा त्यांत आहे. सैन्यांतील ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास परवान्यावरही मिळत नाहीं. परवानेधारकांसाठीं कानपूरच्या कारखान्यांत ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर बनतें. लढाईसाठीं उत्तम पिस्तूल कोणतें, हा प्रश्न ज्यास खरोखर सोडवावा लागतो, तो शिपाई त्यासाठीं महिनोन्महिने सराव करतो, प्रत्येक गोळीचा हिशेब देतो, आणि चुकीच्या बाराबद्दल त्यास चौकशीस तोंड द्यावें लागतें. हौशी तरुणाजवळ यांपैकीं कांहींच नसतें; असते ती केवळ एक वस्तु.

चांगल्या हातांतल्या पिस्तुलाचीही मर्यादा फार जवळ असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत अतिरेक्यांच्या हातीं स्वयंचलित रायफली होत्या. गिरगांव चौपाटीवर त्यांची मोटार अडविली गेली, तेव्हां सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनीं समोरच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनीं धरून ठेविली. अंगांत गोळ्या शिरत असतांही त्यांनीं ती सोडली नाहीं, आणि म्हणूनच अजमल कसाब जिवंत पकडला गेला. ओंबळे यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. त्या क्षणीं त्यांच्या हातांत पिस्तूल नव्हतें. पोलिसांस चांगलीं शस्त्रें मिळालीं पाहिजेत, हा त्या रात्रीचा एक धडा; शस्त्राच्या मागें माणूस कोणता आहे, हा दुसरा.

शस्त्र चालवावयाचें केव्हां, याइतकाच तें चालवावयाचें नाहीं केव्हां, हा प्रश्नही निवडीचाच भाग आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं त्या वेळच्या पश्चिम खानदेशांतील नंदुरबार गांवीं हातांत तिरंगा घेतलेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्या दिवशीं गेले. गोळ्या झाडणारांचीं शस्त्रें सरकारी, पारखलेलीं, शिक्क्याचीं होतीं. बार अडला नाहीं, नेम चुकला नाहीं, गोळीचा जोरही कमी पडला नाहीं. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांस तीं पुरेपूर उतरलीं. उणें पडलें तें चापावरच्या बोटामागचें मन. नंदुरबारच्या चौकांत आज त्या बालवीरांचें स्मारक आहे. कोणत्या शस्त्रानें त्यांचा बळी घेतला, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां लढाईच्या पिस्तुलाची निवड करणारानें कारखान्याचें नांव सर्वांत शेवटीं पाहावें. आधीं तें हवेंत, धुळींत, घामांत अडत नाहीं ना, हें पाहावें. काडतूस विश्वासाचें आहे ना, हें पाहावें. तें ज्याच्या हातीं जाणार त्याच्या मुठींत बसतें ना, हें पाहावें. आणि तो हात पुरेसा शिकलेला व पुरेसा आवरलेला आहे ना, हें तर सर्वांआधीं पाहावें. वर्षांतून एकदां दहा गोळ्या झाडून मिळणारें कौशल्य भीतीच्या क्षणीं टिकत नाहीं. सैन्यासाठीं वा पोलिसांसाठीं नवीं पिस्तुलें घेतांना सरावाच्या काडतुसांचा खर्च वगळला, तर ती खरेदी अर्धवटच म्हणावी लागेल.

आउट्रमच्या पिस्तुलानें वाघ मेला, एवढेंच त्या पिस्तुलाचें काम होतें. धरणगांवास पुढें जी भिल्लांची पलटण उभी राहिली, ती त्या गोळीनें उभी राहिली नाहीं. ज्या पाड्यांत सरकारी माणूस सशस्त्र पहाऱ्याशिवाय पाऊल टाकीत नसे, तेथें तो तरुण पहारा मागें ठेवून गेला, त्यांच्यांत बसला, त्यांच्याबरोबर रानांत हिंडला, म्हणून ती उभी राहिली. त्यानें तें आपल्या राज्यकर्त्यांच्या हितासाठीं केलें, हें खरें, आणि त्याची किंमत कांहीं भिल्लांस पुढें अंबापाणीस मोजावी लागली, हेंही खरें. परंतु पिस्तुलाची पोंच दहा-वीस पावलांपलीकडे फारशी नसते, आणि त्यापलीकडचें सारें काम माणसास दुसऱ्या कशानें तरी करावें लागतें, ही गोष्ट त्या शस्त्राचा धनी असलेला आउट्रम वयाच्या बाविसाव्या वर्षीं ओळखून होता.